ताकाला जावं, भांडं दाखवावं

"काही शंका?" या दोन शब्दांइतकी सभ्य धमकी मराठीत दुसरी नसेल. व्याख्यान संपलेलं असतं. वक्त्याने दोनदा घड्याळ पाहिलेलं असतं, आभार मानणारे गृहस्थ खिशातला कागद काढून अर्धे उठलेले असतात, मागच्या बाजूला कपबश्यांचा आवाज सुरू झालेला असतो, आणि नेमक्या त्या क्षणी वक्ता आपले कागद गोळा करता करता विचारतो, "काही शंका?" शब्द दार उघडण्याचे, सूर कडी लावण्याचा. अशा वेळी कोणी हात वर केलाच, तर सगळं सभागृह त्याच्याकडे ज्या नजरेने बघतं ती नजर एरवी आपण पंगतीत चौथ्यांदा बासुंदी मागणाऱ्यासाठी राखून ठेवलेली असते. तो बिचारा उभा राहतो, घसा खाकरतो आणि सुरुवात करतो, "माझा प्रश्न कदाचित मूर्खपणाचा असेल..." झालं! प्रश्न यायच्या आधीच गडी स्वतःला शिक्षा ठोठावून मोकळा.

ही सवय शाळेत लागते. "समजलं का रे?" याला उत्तर एकच, आणि तेही साठ पोरांनी एका सुरात द्यायचं : "हो ऽऽ सर!" ज्याला काडीचं समजलेलं नसे तो सगळ्यांत मोठ्याने ओरडे. बालवर्गापासून पदवीपर्यंत पंधरा-सोळा वर्षं आपण नुसती उत्तरं देत असतो. प्रश्न काढायचे दुसऱ्याने. ते गुपचूप छापायचे, लाखेचं सील ठोकलेल्या पाकिटात ठेवायचे, पाकिटावर पहारा बसवायचा, आणि तरीही ते फुटले तर पेपरात पहिल्या पानावर बातमी. म्हणजे बघा, प्रश्न ही केवढी मोलाची चीज! पण ती आपल्या हातात कोणी कधी देत नाही. इतक्या वर्षांत इतके हजार गुण वाटले जातात, त्यातला अर्धा गुणही चांगला प्रश्न विचारला म्हणून कोणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि मग हाच मनुष्य मोठा होतो, त्याच्या घरात कॉम्प्युटर येतो, हातात स्मार्टफोन येतो, पोराला प्रोग्रामिंगच्या क्लासला घातलं जातं, आणि सगळे जाणकार एकमुखाने ओरडू लागतात की या नवख्या लोकांना साधा प्रश्न धड विचारता येत नाही! मी म्हणतो, येणार कुठून? पोहायला कोणी शिकवलं नाही, विहिरीच्या काठाला हात लावला तर छडी मिळाली, आणि आता मध्यभागी ढकलून देऊन वर म्हणायचं की याला सूर मारता येत नाही. हा न्याय मला मान्य नाही. पुढे जे लिहिलं आहे ते या अन्यायाविरुद्ध, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन शब्द सुनावण्यासाठी.

आधी आमच्या शेजारच्या काकांची बाजू. काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे आमच्या सोसायटीच्या समजुतीप्रमाणे मिक्सरपासून लिफ्टपर्यंत जे जे म्हणून विजेवर चालतं ते ते त्याला दुरुस्त करता येतं. तो सुट्टीला आला रे आला की काका दारात हजर.

"अरे, ते चालत नाहीये."

"काय चालत नाहीये काका?"

"कॉम्प्युटर."

"सुरूच होत नाही?"

"सुरू होतो की! न व्हायला काय झालं? दिवाळीत घेतलाय."

"मग?"

"आत जात नाही."

"कशाच्या आत?"

"आता ते मी कसं सांगू? इंजिनिअर तू का मी?"

"बरं, पडद्यावर काही लिहून आलं होतं का?"

"आलं होतं. इंग्रजीत काहीतरी. लाल अक्षरात."

"काय होतं त्यात?"

"वाचलं नाही बुवा. लगेच बंद केलं. उगाच आणखी काही व्हायला नको!"

हे शेवटचं वाक्य भारतातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर पितळी पाटीवर कोरून लावावं अशा योग्यतेचं आहे. बिचारं यंत्र आयुष्यात एकदा तोंड उघडून सांगतं की मला अमुक ठिकाणी दुखतंय, आणि आपण पाहुण्यांपुढे बोलणाऱ्या पोराचं तोंड दाबावं तसं ते बंद करतो. मग त्या मुक्या यंत्राला पुढ्यात घेऊन तज्ज्ञाला विचारतो, "याला काय होतंय?"

पण थांबा. काकांना हसायच्या आधी त्यांना एकदा डॉक्टरांपुढे बसलेलं बघा. "परवा दुपारी लग्नात जेवलो. दोन जिलब्या खाल्ल्या, तिसरी आग्रहाची. साडेचारला आंबट ढेकर. रात्री दीडला जाग आली ती इथे, या बरगडीखाली, बोटाएवढ्या जागेत दुखत होतं म्हणून. डाव्या कुशीवर कमी, उजव्या कुशीवर जास्त. ओवा खाल्ला, फरक नाही. गेल्या चैत्रात असंच झालं होतं तेव्हा तुम्ही पांढरी गोळी दिली होती. ती घरात आहे, पण घेतली नाही. म्हटलं, विचारून घ्यावी." काय कमी आहे सांगा! काय केलं, केव्हा केलं, कुठे दुखलं, कशाने वाढलं, स्वतः काय करून पाहिलं, काय मुद्दाम केलं नाही आणि पूर्वी कधी झालं होतं, सगळं ओळीने. डॉक्टरांना नाडी बघायचंही काम ठेवलं नाही. आमच्याकडे येणारा आंबेवाला मोहोराविषयी बोलतो तेही असंच : कुठलं झाड, कुठल्या बाजूची फांदी, कुठल्या दिवशीच्या धुक्यानंतर. म्हणजे चांगला प्रश्न विचारण्याची अक्कल आपल्या माणसात काठोकाठ भरलेली आहे. ती फक्त पोटाबद्दल आणि पिकाबद्दल बोलताना बाहेर येते. यंत्र समोर आलं, की "आपल्याला यातलं काही कळत नाही" या एका वाक्याने ती घाबरून आत पळते. कळत नाही, मान्य. पण दिसतं ना? मग जे दिसलं ते सांगा की!

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. सायमन टॅथम नावाच्या ब्रिटिश प्रोग्रामरने १९९९ साली, प्रोग्राममधली चूक बनवणाऱ्याला कशी कळवावी यावर एक छान लेख लिहिला. त्याच्या सांगण्याचा सारांश काकांच्या पोटदुखीपेक्षा वेगळा नाही : तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते सांगा. यंत्राने काही लिहून दाखवलं तर ते अक्षरशः उतरवून द्या. आणि तुमचा तर्क वेगळा ठेवा, डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं ठेवा. रोग ओळखणं हे डॉक्टरांचं काम, लक्षणं सांगणं हे रोग्याचं.

नुसती लक्षणं नीट सांगितल्याने काय होतं याचा माझा सगळ्यात लाडका दाखला अमेरिकेतला आहे. ट्रे हॅरिस नावाच्या गृहस्थाने तो २००२ साली लिहून ठेवला. हकिकत त्याच्या आधी काही वर्षांची. हॅरिस नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाची ई-मेलची व्यवस्था बघत असे. एक दिवस संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला की आमच्या विभागातून ई-मेल पाचशे मैलांच्या पलीकडे जात नाही.

आता ई-मेल म्हणजे काही बैलगाडी नव्हे, की पाचशे मैलांवर बैल दमले. आपल्याकडे कोणी फोन करून सांगितलं असतं, की मुंबईहून नागपूरला पत्र पोचतं पण कलकत्त्याला पोचत नाही, तर आपण काय केलं असतं? "काका, जरा विश्रांती घ्या" असं म्हणून फोन ठेवला असता, आणि संध्याकाळी चार मित्रांना जमवून हसलो असतो. हॅरिसलाही प्रथम हेच वाटलं. पण विभागप्रमुख पडले संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी तक्रार करण्यापूर्वी काही दिवस थांबून आकडे गोळा केले होते. भूगोलातलं संख्याशास्त्र जाणणाऱ्या एका सहकाऱ्याला बसवून नकाशावर आखणी केली होती. ई-मेल कशी चालते याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, आणि ते माहीत असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. पाचशे मैल, किंवा थोडं जास्त. आत जातं, बाहेर जात नाही. बस.

हॅरिसने स्वतः ई-मेल पाठवून पाहिली. न्यूयॉर्कला गेली. प्रिन्स्टनला गेली. मेम्फिस नाही. बॉस्टन नाही. त्याने कपाळाला हात लावला. मग शोध घेताना सापडलं ते असं, की मधे कोणी एक सल्लागार येऊन त्या यंत्राची डागडुजी करून गेला होता, आणि त्या भरात ई-मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती त्यावर बसली होती. तिला नव्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या सूचना कळेनात. त्यामुळे पलीकडच्या यंत्राची वाट किती वेळ बघायची या रकान्यात शून्य पडलं. शून्य म्हटलं तरी यंत्राला हात झटकून उठायला एका सेकंदाचे तीन हजारांश लागत होते. हॅरिसने गणित मांडलं. तेवढ्या वेळात प्रकाश किती लांब जातो? सुमारे नऊशे किलोमीटर. म्हणजे साडेपाचशे मैलांच्या आसपास! ज्या गावाशी तेवढ्या वेळात ओळख पटे तिथे ई-मेल जाई, बाकीच्या गावांना यंत्र भेटायच्या आधीच रामराम करी.

या गोष्टीत मला प्रकाशाच्या वेगापेक्षा त्या प्रोफेसरांचं कौतुक वाटतं. त्यांनी "ई-मेल चालत नाही, अर्जंट" असं कळवलं असतं, तर हॅरिसने यंत्र बंद करून चालू केलं असतं आणि पुढचे सहा महिने दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या असत्या. आणि हॅरिसचं कौतुक त्याहून जास्त, कारण हसू आलं तरी त्याने पाठवून पाहिलं.

पण सगळेच काही संख्याशास्त्रज्ञ नसतात. आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्यांच्या ज्या जाती आहेत त्यांच्यापुढे भले भले साधू शस्त्र उचलतील. एक असतात परवानगीवाले. "सर, एक विचारू का?" असा निरोप पाठवून ते जे गप्प बसतात ते तुमचं "विचारा" येईपर्यंत. तुम्ही "विचारा" म्हणावं तर ते जेवायला गेलेले. दुसरे अर्जंटवाले. त्यांच्या प्रश्नात प्रश्नचिन्ह नसतं, उद्गारचिन्हं मात्र पाच. तिसरे छायाचित्रकार. हे पडद्यावरच्या मजकुराचा फोनने फोटो काढून पाठवतात. त्यात ट्यूबलाइट स्पष्ट, भिंतीवरचं कालनिर्णय स्पष्ट, काचेत पडलेलं त्यांचं स्वतःचं बनियन स्पष्ट, फक्त मजकूर तेवढा दिसत नाही. चौथ्या जातीचा मनुष्य सगळ्यात कृतघ्न. आठ अनोळखी लोकांकडून आठ दिवस डोकेफोड करून घेतो आणि नवव्या दिवशी लिहितो, "झालं. जमलं. धन्यवाद." कसं झालं? काय केलं? ते नाही सांगणार. चार वर्षांनी त्याच दुखण्याने हैराण झालेला दुसरा कोणी शोधत शोधत तिथवर पोचतो, आणि ते "झालं, जमलं" वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

आणि सर्वांत मोठा संप्रदाय, ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचा. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी तीन दिवस एकच धोशा लावला होता : पीडीएफच्या प्रत्येक पानाचा फोटो कसा बनवायचा? चार जाणत्यांनी चार रीती सांगितल्या, त्या चौघांचं आपसात भांडण झालं, एकाने दुसऱ्याचं शिक्षण काढलं. चौथ्या दिवशी उलगडा झाला की गृहस्थांना फोटो नकोच होते. कुठल्याशा अर्जाबरोबर जोडायची फाइल जड होती म्हणून अर्ज घेत नव्हता, तर पानांचे फोटो करून हलकं करता येईल अशी युक्ती त्यांची त्यांनीच काढली होती. फाइल हलकी करणं हे दोन मिनिटांचं काम. पण "मला फाइल हलकी करायची आहे" असं सांगणं त्यांना कमीपणाचं वाटलं. अर्धा रस्ता आपण चुकीच्या दिशेने चालून जायचं आणि मग उरलेल्या अर्ध्या रस्त्याचा पत्ता विचारायचा, याला कॉम्प्युटरवाल्यांनी इंग्रजीत काहीतरी अक्षरांचं नाव दिलंय म्हणे. आपल्या आजीला ते आधीपासून ठाऊक होतं. भांडं पुढे करा हो! पाव लिटरचं आहे का घागर आहे ते दिसल्याशिवाय देणारी बाई डाव किती ओतणार?

यावर एक घरगुती उपायही आहे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस या जोडीने १९९९ सालच्या आपल्या पुस्तकात तो सांगितला. टेबलावर रबराचं बदक ठेवावं आणि आपली अडचण त्या बदकाला पहिल्यापासून समजावून सांगावी. निम्म्या वेळा सांगता सांगताच चूक सापडते. आपल्याकडे बदकावर पैसे घालवायचं कारण नाही, भिंतीवर पाल असतेच. शिवाय बदक नुसतं ऐकतं, पाल ऐन वेळी चुकचुकते.

इथवर वाचून जाणकार मंडळी मिशीला पीळ भरत असतील, की बघा, आम्ही म्हणत नव्हतो? त्यांनी जरा मिशा खाली घ्याव्यात. आता त्यांची पाळी आहे.

दिवसभर नोकरी करून रात्री परक्या माणसाची अडचण फुकट सोडवायला बसणं ही लहान गोष्ट नाही, हे मी जाणून आहे. असे लोक जगात आहेत म्हणून तर सगळं चाललंय. पण त्यांच्यातच एक पंतोजी पंथ आहे, आणि त्या पंथाचा एकच मंत्र : "आधी वाचून या." काय वाचून यायचं, कुठलं पान, कुठली ओळ, ते सांगायचं नाही. किंवा म्हणायचं, "गूगलवर शोधा, सगळं मिळतं." नवखा शोधतो. पहिल्याच ठिकाणी त्याच्यासारख्याच कोणीतरी तोच प्रश्न विचारलेला असतो आणि त्याखाली दुसऱ्या पंतोजींनी उत्तर दिलेलं असतं, "गूगलवर शोधा."

एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी २००१ साली, प्रश्न हुशारीने कसे विचारावेत यावर एक लांबलचक निबंध लिहिला. निबंध कामाचा आहे, त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी सोळा आणे खऱ्या. पण सूर असा, की वाचून झाल्यावर हुशारीने प्रश्न विचारण्याऐवजी माणूस प्रश्न विचारणंच सोडून देईल. गंमत पुढेच आहे. जगातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी नवख्यांना "आधी हे वाच" म्हणून त्या निबंधाचा पत्ता द्यायला सुरुवात केली, आणि नवख्यांनी तो उघडून आपापले प्रश्न थेट या लेखकांनाच विचारायला सुरुवात केली! शेवटी निबंधाच्या सुरुवातीलाच पाटी लावावी लागली की बाबांनो, आम्ही मदतकेंद्र नाही. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्यानेच दारावर "कृपया येथे प्रश्न विचारू नयेत" असं लिहावं, हे पुण्याबाहेरही घडतं हे वाचून मला फार बरं वाटलं.

आता कोणी म्हणेल, नवख्यांच्या बाळबोध प्रश्नांनी जगाचं काय अडलंय? तर ऐका. १९९१ च्या जुलैमध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने चार जाणत्यांच्या चव्हाट्यावर विचारलं, की पॉसिक्स नावाचे नियम आहेत, ते ताजे आणि शक्यतो यंत्रावर वाचता येतील असे कुठे मिळतील? म्हणजे हा पठ्ठ्या आपण होऊन "आधी वाचतो, पण पुस्तक कुठे आहे ते सांगा" म्हणत होता! ऑगस्टच्या २५ तारखेला तो पुन्हा आला : मी एक छोटी यंत्रणा करतोय, निव्वळ हौस म्हणून, मोठी वगैरे काही होणार नाही; तुम्हाला त्यात काय काय असावंसं वाटतं? त्या पोराचं नाव लिनस टोरवाल्ड्स. त्याच्या त्या हौशीचं नाव पुढे लिनक्स पडलं, आणि आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तीच आहे. त्या दिवशी कोणी "काही काम नाही का रे तुला?" म्हणून त्याला पिटाळलं असतं, तर कदाचित तो गेलाही असता. लोकांनी तसं केलं नाही, सूचना पाठवल्या.

आपल्याकडची परंपरा तर याहून जुनी. प्रश्न याच नावाचं एक आख्खं उपनिषद आपल्याकडे आहे. सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे गेले. समिधा घेऊन गेले हे महत्त्वाचं. हल्लीचे लोक "अर्जंट" घेऊन जातात. ऋषींनी सांगितलं की वर्षभर इथे राहा, मग हवे ते प्रश्न विचारा, आणि आम्हाला ठाऊक असेल तर सगळं सांगू. यातलं "ठाऊक असेल तर" हे मला वर्षभराच्या तपापेक्षा भारी वाटतं. ऋषी असून! आणि त्या सहांतला सुकेशा भारद्वाज तर असा प्रश्न घेऊन आला होता, जो पूर्वी कोसलच्या राजपुत्राने त्यालाच विचारला होता, आणि त्याने सरळ "मला माहीत नाही" असं सांगितलं होतं. उत्तर न आलेला प्रश्न माणसाने इतकी वर्षं जपून ठेवला. आपण असतो तर राजपुत्राला "आधी वाचून ये" म्हटलं असतं. उलट बाजूही आपल्याच घरची. जनकाच्या सभेत गार्गी एकामागून एक प्रश्न विचारू लागली तेव्हा याज्ञवल्क्यांनी तिला बजावलं, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी बसली. पण थोड्या वेळाने पुन्हा उठली, सभेची परवानगी घेतली, आणि दोन नेमके प्रश्न असे टाकले की याज्ञवल्क्यांना उत्तर द्यावंच लागलं. डोकंही शाबूत राहिलं. दोघांचंही.

पण प्रत्येक पोर गार्गी नसतं. हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही. तालुक्याच्या गावाहून मराठी शाळेत शिकून शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आलेला मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी येत नसतात : प्रोग्रामिंग आणि इंग्रजी. अडचण त्याला मराठीत पडते, ती इंग्रजीत विचारावी लागते, आणि विचारली की वर्गात कोपऱ्यातून खुसफूस होते ती अडचणीला नव्हे, त्याच्या क्रियापदाला. एकदा हसले की तो दुसऱ्यांदा हात वर करत नाही. मग तो रात्र रात्र जागून, जे एका वाक्यात सुटलं असतं ते आठवडाभर एकटा घासत बसतो, आणि वर्षअखेर मास्तर म्हणतात, "पोरगं शांत आहे, पण डोकं बेताचं." डोकं बेताचं नव्हतं हो, तोंड उघडायला जागा नव्हती. असा मुलगा मोडक्यातोडक्या वाक्यात का होईना, काय केलं आणि काय झालं ते सांगत असेल, तर त्याचं व्याकरण तपासणाऱ्या जाणकाराला मी जाणकार म्हणणार नाही. तो शुद्धलेखनाचा दरोगा.

पंतोजींच्या या वागण्याचं फळ काय मिळालं ते ताजंच आहे. 'स्टॅक ओव्हरफ्लो' नावाची, प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची मोठी बाजारपेठ २००८ साली सुरू झाली. तिथे जमलेला ठेवा अफाट. पण २०१८ च्या एप्रिलमध्ये तिच्याच चालकांनी जाहीर लिहून टाकलं की आमच्याकडे नवख्यांना आपलं म्हणून वागवलं जात नाही. मग ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. त्याला रात्री तीनला विचारा, बनियनवर विचारा, मराठी-इंग्रजीची खिचडी करून विचारा, एकच गोष्ट सतरा वेळा विचारा. ते रागावत नाही, खुसफूस करत नाही, उलट प्रश्न छान आहे म्हणतं. नवखी मंडळी तिकडे धावली आणि त्या बाजारपेठेत नवे प्रश्न येणं झपाट्याने घटलं. यात यंत्राच्या हुशारीचा भाग किती आणि पंतोजींच्या छडीचा किती, याची वाटणी ज्याने त्याने करावी. माझी मी केलेली आहे.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! गोड बोलून उत्तर मिळतं, आणखी काय हवं? सांगतो. एक तर त्या यंत्राकडेसुद्धा भांडं लपवून गेलात तर ते मागाल तेवढं ताक देतं, आणि ताक संपलं असेल तर त्याच हसऱ्या चेहऱ्याने चुना कालवलेलं पाणीही ओततं. पांढरं असलं की झालं. आणि दुसरं, मला जास्त बोचणारं. चव्हाट्यावर विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर तिथेच पडून राहतं. मागाहून येणारा तहानलेला ते पितो. त्या यंत्राला जे काही येतं त्यातलं पुष्कळसं या चव्हाट्यांवरच्या बडबडीतूनच त्याने उचललं आहे. आता प्रत्येक जण दार लावून एकटाच विचारणार, एकटाच पिणार. विहिरीत भर कोणी घालायची? उद्या नवं यंत्र येईल, त्याची नवी दुखणी येतील, तेव्हा त्या तालुक्याच्या मुलाला "अरे, मलाही हेच झालं होतं" असं सांगणारा माणूस भेटणार कुठे?

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती मी शिक्षण खात्याकडे करत आहे. दहावी-बारावीच्या प्रत्येक विषयाच्या पेपरात शेवटचा प्रश्न असा ठेवावा : "या विषयातली तुम्हाला न समजलेली एक गोष्ट घ्या आणि त्यावर एक प्रश्न विचारा. तुम्ही काय करून पाहिलंत आणि कुठे अडलात तेही लिहा. गुण ५." उत्तर लिहिणाऱ्यास शून्य.

पुढे काय होईल ते मला दिसतंय. पहिल्या वर्षी पालक मोर्चा काढतील, की अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं. दुसऱ्या वर्षी बाजारात 'अपेक्षित शंकासंच' येईल, त्यात प्रत्येक धड्याला दहा तयार शंका, संभाव्य गुणांसह. क्लासवाले शंकांची खास बॅच काढतील, सकाळी साडेसहाची. पोरं शंका पाठ करतील, घोकतील, एकमेकांना म्हणून दाखवतील. आणि परीक्षेच्या दिवशी, शेवटची दहा मिनिटं उरली असताना, मागच्या बाकावरच्या एखाद्या पोराला पाठ केलेली शंका आठवणार नाही. ते पेन चावेल, पंख्याकडे बघेल, पर्यवेक्षकांकडे बघेल, आणि पाच गुण जाऊ नयेत म्हणून शेवटी नाइलाजाने, खरोखरच जे समजलेलं नाही ते लिहून टाकेल.